एस लावलेली कस्टम

लेकीच्या हळदीच्या दिवशी बापाला मांडवात बसून सुखाने चहा पिता येत नाही, हे हरेश्वरला माहीत होतं. तरीही त्याने बशीत चहा ओतला, आणि पहिला घोट घेणार तोच त्याचा मेव्हणा श्यामकांत सोसायटीच्या कचेरीकडून धावत येताना दिसला. श्यामकांत हा धावणाऱ्यांपैकी नव्हता. तो मच्छीमारांच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता, मॅट्रिक होता, सगळ्या खारदांड्यात इंग्रजी फोन उचलण्याची हिंमत असलेला एकमेव इसम होता आणि पँट घालत होता. पँटीत धावणं माणसाला शोभत नाही, असं त्याचं मत होतं. तेव्हा तो धावतोय म्हणजे एकतर समुद्र गावात शिरला होता, नाहीतर इंग्रजी.

इंग्रजीच शिरलं होतं.

"भावोजी, वाट लागली!"

"कोणाची?"

"तुमची. आत चला."

"आत बायका हळद कालवतायत."

"मग मागच्या दारी चला."

"मागं बँडवाले जेवतायत."

"मग इथंच ऐका. पण तोंड हसरं ठेवा, लोक बघतात." श्यामकांतने स्वतःही एक भयंकर हसरं तोंड केलं. "आत्ता फोन आलेला. बाई होती. इंग्लिशमधी बोलत होती. डिपार्टमेंटमधून."

"कंच्या डिपार्टमेंटमधून?"

श्यामकांतने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि हरेश्वरच्या कानात एकच शब्द सोडला. "कस्टम्स."

बशीतला चहा हरेश्वरच्या कोऱ्या सदऱ्यावर गेला, आणि तो भाजतोय हे त्याला पुष्कळ उशिरा कळलं.

साल चौऱ्याहत्तर. समुद्रावाटे सोनं आणि घड्याळं उतरवणाऱ्या बड्या धेंडांना सरकार उचलून आत टाकत होतं आणि पेपरात रोज त्यांचे फोटो येत होते. दांड्यातल्या लोकांचा त्या धेंडांशी काडीचा संबंध नव्हता. ते आपले बोंबील, पापलेट आणि सुरमईवर समाधानी होते. पण त्या काळी ज्याच्या घरात फॉरेनचं काहीच नाही, अशा माणसाला कुणी मुलगी देत नसे. त्यामुळे कुणाकडे ट्रान्झिस्टर होता, कुणाकडे सेंटची बाटली, कुणाकडे नुसताच सिगारेटचा रिकामा डबा. पण तोही फॉरेनचा. पावती मात्र कुणाकडेच नव्हती.

हरेश्वरकडे तर लग्नच होतं. मालनसाठी नायलॉनच्या साड्या घेतल्या होत्या आणि जावयासाठी घड्याळ. हे घड्याळ महत्त्वाचं. लग्नाची बोलणी घड्याळावरच अडली होती आणि घड्याळावरच सुटली होती. मुलाची आई कृष्णाबाई गोराईची. बाई एकवचनी. "पोरगी आमाला पसंत हाय," ती म्हणाली होती, "पण अनंताच्या हातात घड्याळ पायजे, आनी ते भायेरच्या देशाचं पायजे." हरेश्वर फोर्टात गेला. तिथे फुटपाथवर उभ्या असलेल्या एका गृहस्थाने कोटाची आतली बाजू उघडून दाखवली, तर आत घड्याळांचं अख्खं दुकान. हरेश्वरने पावती मागितली तेव्हा तो गृहस्थ इतक्या मायेने हसला की, हरेश्वरला आपलंच चुकल्यासारखं वाटलं.

"नीट सांग, काय बोलली ती बाई?"

"लाइन खराब होती, पन मुद्द्याचं सगळं ऐकलं. बोलली, आमचं डिपार्टमेंट तुमच्या लोकांच्या कस्टम्सचा सर्व्हे करतंय. हरेश्वरकडे मॅरेज हाय ते आमाला कळलंय. दुपारी येते. सगळं बघनार. जुनं, नवं, मुलीला काय देता, जावयाला काय देता, सगळं. वर काय बोलली म्हायत हाय? माझ्यासाठी काय बदलू नका, जिथल्या तिथं राहू द्या."

"म्हंजे माल हलवू नका."

"तेच की."

"मग तू काय बोललास?"

"मी काय बोलनार? वेलकम बोललो."

हरेश्वरची बायको सगुणा हळदीचे हात घेऊन बाहेर आली. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला, भावाचं हसरं तोंड पाहिलं, आणि काय झालं ते न विचारता आधी भिंतीला टेकली. सगळं ऐकल्यावर म्हणाली, "साड्या काल आख्ख्या गावाला दाखवल्या मी! कोनी चुगली लावली ते तरी कसं समजनार?"

"चुगलीचं नंतर बघू," श्यामकांत म्हणाला. "आधी माल लपवा. जिथं सरकारी मानूस नाक नेनार नाय, अशी जागा पायजे."

अशी जागा दांड्यात शोधावी लागत नाही. पडवीत सुक्या बोंबलांचा ढीग होता. नायलॉनच्या साड्या त्याच्या पोटात गेल्या. ज्या साड्यांचा गुण म्हणजे त्यांना सुरकुती पडत नाही असं फोर्टातल्या माणसाने शपथेवर सांगितलं होतं, त्यांना वास लागतो की नाही, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

घड्याळ बोंबलात घालायला हरेश्वरचा जीव होईना. तेवढ्यात सखुबाई धवलारीण येऊन टेकली. लग्नात विधीची गाणी म्हणणारी ही म्हातारी. तिच्याशिवाय गावात एकही लग्न लागत नसे. तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा होता. सगुणाने काही न बोलता तिचा हात धरला आणि घड्याळ चुड्याच्याही वर, थेट दंडापर्यंत सरकवून पोलक्याच्या बाहीत ढकललं.

"मना टोचतंय गो."

"टोचू दे."

"आनी आवाज करतंय."

"तू त्याच्यापक्षी मोठा आवाज कर."

आता भागलं, असं वाटून हरेश्वर खाली बसला. पण मॅट्रिक झालेल्या माणसाचं डोकं एवढ्यावर थांबत नाही. श्यामकांत म्हणाला, "भावोजी, माल गेला, पन लग्न दिसतंय ना! लग्न दिसलं की बाई विचारनार, आहेर कुठाय? आहेर नाय बोललं की तिला संशय येनार. मुळात लग्नच नाय, तर आहेर कुठला?"

"अरे पन लग्न हाय!"

"दुपारपुरतं नाय. बाई गेली की परत हाय."

यात खोट काढण्यासारखं हरेश्वरला काही सापडलं नाही. मग मांडवाची तोरणं निघाली, केळीचे खांब विहिरीमागे गेले आणि मांडवावर जाळी पसरली. आता तो नुसता जाळी वाळवायचा मांडव झाला. बातमी गावभर पसरली, आणि एरवी एका होडीत बसताना चार मतं देणारी माणसं एकदिलाने कामाला लागली. कुणाचा ट्रान्झिस्टर बादलीत बसून विहिरीत उतरला. कुणी सेंटची बाटली तुळशीत पुरली. वाळूत पुरलेल्या डब्यावर कुणी चक्क आजोबांना बसवलं आणि सांगितलं, "उठायचं नाय, सरकार आलं तरी उठायचं नाय." गाव असं कामाला लागलेलं दर्याला उधाण आल्यावरही कुणी पाहिलं नव्हतं.

अडचण राहिली ती मालनची. तिला सकाळीच घरची पहिली हळद लागली होती. साबण लावला, बेसन लावलं, शेवटी नारळाच्या काथ्याने घासलं. पोरगी पिवळीची लालसर पिवळी झाली, बाकी फरक पडला नाही.

"मामा, आता मी काय करू?"

"तू आजारी हायेस. तुला कावीळ झालीय."

"लग्नाच्या आदल्या दिवशी?"

"लग्न नाय तुझं."

मालनने भोकाड पसरलं. "रड, रड," श्यामकांत म्हणाला. "काविळीत रडलेलं चालतं." आणि तिला घोंगडी पांघरून खाटेवर निजवलं.

दुपारी बाई आल्या. हरेश्वरच्या डोळ्यांपुढे खाकी कपडे, बूट, जीप असं काहीतरी होतं. पण समोर उभ्या होत्या त्या चष्मा लावलेल्या, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेल्या, हातमागाची साडी नेसलेल्या, उन्हाने लाल झालेल्या आणि तरीही उत्साहाने उतू जाणाऱ्या एक बाई. एकट्या.

"साध्या वेशात," श्यामकांत हरेश्वरच्या कानात म्हणाला.

"नमस्कार! मी वसुधा. सकाळी फोन मीच केला होता. मुलुंडहून येतेय हो, किती लांब पडतं तुमचं गाव! पण काय वास येतोय! अगदी अस्सल!"

हरेश्वरने बोंबलांच्या ढिगाकडे न बघण्याची शिकस्त केली.

वसुधाबाई समाजशास्त्र शिकवत. ज्या विषयात एम. ए. व्हायचं त्या विषयाचे मराठी शब्द विसरून जायचे, ही त्या काळी पदवीचीच एक अट असावी. त्यामुळे घरात भाजी, बाजारात भाव आणि नवऱ्याशी भांडण त्या मराठीत करीत, आणि विषय मात्र इंग्रजीत.

"मला तुमच्या कस्टम्स बघायच्यात," वही उघडत त्या म्हणाल्या.

"नायत," हरेश्वर म्हणाला.

"नाहीत कशा? प्रत्येकाच्या असतात."

"बाकीच्यांच्या असतील. आमच्यात एक पन नाय. कोनला पन विचारा."

जमलेल्या गावाने एकसाथ माना हलवल्या. आजोबांनी बसल्या जागेवरून हलवली.

"अहो, लपवता कशाला? त्यात लाजण्यासारखं काय आहे? उलट अभिमान वाटायला हवा!"

"फसवते ही," श्यामकांत पुटपुटला. "बोलू नका."

"वाडवडिलांपासून चालत आलेलं काहीतरी असेलच की."

"वडील गरीब होते."

"बरं, मुलीला लग्नात काय काय देता?"

"आशीर्वाद."

"आणि जावयाला?"

हरेश्वरची नजर नको तिथे, सखुबाईच्या दंडाकडे गेली. "जावई नाय."

"पण आज तुमच्याकडे लग्न आहे ना? तुमच्याच गावची एक मुलगी माझ्या वर्गात आहे, ती म्हणाली."

इथे हरेश्वर अडकला. त्याला सोडवायला श्यामकांत धावला. आणि माणूस मदतीला धावतो तेव्हा नेहमीच गरजेपेक्षा दोन पावलं पुढे जातो. "लग्न? आमच्यात लग्न करत नाय," तो म्हणाला.

"या महिन्यात?"

"कंच्याच महिन्यात."

वसुधाबाईंची पेन्सिल थांबली. "मग… संसार?"

"चालतो."

"आणि मुलं?"

"होतात."

वसुधाबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मुंबईच्या कुशीत, खार स्टेशनपासून चालत येण्याच्या अंतरावर, लग्नसंस्था नसलेला एक अख्खा समाज! इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं आणि आता ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. त्यांचा प्रबंध, परदेशातली परिषद, टाळ्या हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून सर्रकन गेलं. उत्साहाने त्यांचा आवाज चिरकला. "लग्न नाही, विधी नाहीत, देणंघेणं नाही! अहो, हे क्रांतिकारक आहे!"

"तसं काय नाय," हरेश्वर घाबरून म्हणाला. "आमी राजकारनात पन नसतो."

तेवढ्यात घरामागून जेवून तृप्त झालेले बँडवाले आले. लाल कोट, सोनेरी गोंडे, डोक्यावर टोप्या. वाद्यं मागेच ठेवली होती, हे नशीब.

"हे कोण?"

"पोस्टमन," श्यामकांत म्हणाला.

"एवढे?"

"गावाला टपाल फार येतं."

वसुधाबाई लिहीत होत्या. लिहितालिहिता त्यांनी कान टवकारला. "हा टिकटिक आवाज कसला?"

गाव गप्प झालं, त्यामुळे टिकटिक अधिकच स्पष्ट ऐकू येऊ लागली. सखुबाईने हात अंगाशी आवळून धरला.

"म्हातारीचं काळीज," सगुणा म्हणाली. "कमजोर झालंय."

"अगं बाई! आणि ती खाटेवर कोण?" वसुधाबाई उठून मालनजवळ गेल्या, घोंगडी दूर केली आणि दचकून मागे सरल्या. "अहो, ही तर हळदीसारखी पिवळी पडलीय!"

"हळदीसारखी नाय," हरेश्वर ओरडला. "काविळीसारखी! कावीळच हाय!"

"इतकी कावीळ मी जन्मात पाहिली नाही! या मुलीला आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्यायला हवं. टॅक्सी बोलवा, मी घेऊन जाते!"

सर्व्हे करायला आलेल्या बाई मुलगीच घेऊन निघाल्या, आता यावर काय बोलावं हे श्यामकांतच्या इंग्रजीतही नव्हतं आणि मराठीतही. आणि नेमकं त्याच वेळी किनाऱ्यावरून आरोळी आली, "हो… हो… हो!"

गोराईची होडी लागली होती. मुलाला लागून उरलेली उष्टी हळद मुलीसाठी घेऊन कृष्णाबाई आली होती. बरोबर नटूनथटून दहा-पंधरा बायका. या गोंधळात व्याह्यांकडची हळद यायची आहे, हे सगळं गाव विसरून गेलं होतं. कृष्णाबाईने हळदीची वाटी धरली होती ती राजदंडासारखी. अंगणात पाऊल टाकलं आणि ती थांबली.

"मांडव कुठाय?"

हरेश्वरने डोळ्याने वसुधाबाईंकडे खूण केली.

"डोला काय मारतो रे व्याही? मी इचारते, मांडव कुठाय?"

हरेश्वरने दुसरा डोळा मारून पाहिला. कृष्णाबाईने वाटी डाव्या हातात घेतली, उजवा मोकळा केला.

वसुधाबाईंना वाटलं, बाहेरगावची माणसं दिसतायत, त्यांना कळायला हवं. "हे बघा, गडबड करू नका," त्या समजुतीने म्हणाल्या. "घरात आजारी माणूस आहे. मुलीला जबरदस्त कावीळ झालीय."

"कोनला? मालनला? कावील?"

"हो ना. आणि मांडव कशाला असेल? यांच्यात लग्नच करत नाहीत. आत्ताच म्हणाले."

कृष्णाबाईने हरेश्वरकडे पाहिलं. पापलेट घेताना गिऱ्हाइकाने निम्मा भाव सांगितला की कोळीण ज्या नजरेने बघते, ती ही नजर. "लग्न करत नाय? आमी काय मग उष्टी हळद घेऊन समुद्रातून हवा खायाला आलो? कावीलवाली पोरगी माझ्या अनंताच्या गल्यात बांधत होता? आनी आता तोंड लपवायला मांडव मोडून बसला? चला गो! उचला! होडी काढा!"

बायका वळल्या. हळदीची वाटी वळली. खाटेवरून मालनचा "आई गो!" असा टाहो आला, आणि तो काविळीतला नव्हता.

हरेश्वरने एकीकडे पाहिलं तर डिपार्टमेंट, दुसरीकडे पाहिलं तर होडी. तुरुंगातून माणूस कधीतरी सुटतो. पण हळद दारातून परत गेलेल्या पोरीला पुन्हा कुणी विचारत नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली, तरातरा पडवीत गेला, बोंबलांच्या ढिगात दोन्ही हात कोपरापर्यंत खुपसले आणि नायलॉनच्या साड्या एकामागून एक उपसून वसुधाबाईंच्या पायांशी आणून टाकल्या. मग सखुबाईची बाही वर केली, चुडा वाजवत घड्याळ ओढून काढलं आणि तेही साड्यांवर ठेवलं.

"बाई, हा घ्या माल. सगला माझा. पावती नाय." त्याने दोन्ही मनगटं पुढे केली. "मना पकडा, कुठं न्यायचं तिथं न्या. पन माझ्या पोरीचं लगीन होऊ द्या. तिला कावील-बिवील काय नाय, हळद हाय ती. लग्नच हाय आमच्याकडं. मी खोटा बोललो."

मग शेजारच्या घरातून कुणीतरी पुढे आलं आणि सेंटची मातीने भरलेली बाटली साड्यांशेजारी ठेवली. "हरेश्वर एकटा कशाला जाईल? माझी पन पावती नाय." विहिरीवरून बादली आली. ट्रान्झिस्टर ओला झाला होता, पण लाज राखून होता. शेवटी आजोबाही उठले.

वसुधाबाई हे सगळं आ वासून बघत होत्या. वधूपिता टोपी काढतो. सुक्या मासळीतून वस्त्रं बाहेर येतात. वृद्धेच्या दंडावरचं घड्याळ परक्या स्त्रीच्या पायांशी. मग अख्खं गाव एकेक वस्तू वाहतं! "हीच!" त्या आनंदाने किंचाळल्या. "अहो, हीच कस्टम! इतकी सुंदर! आणि म्हणत होता एकही नाही! फक्त ते मनगटं पुढे करण्याचा अर्थ काय, तेवढं सांगा."

"बेड्या घालायला," हरेश्वर म्हणाला.

"बेड्या? मी? मी कशाला बेड्या घालू?"

"तुमी कस्टमवाल्या ना?"

"मी कॉलेजात शिकवते!"

सगळ्यांच्या माना हळूहळू श्यामकांतकडे वळल्या. श्यामकांत पँटीत होता तिथेच थोडा आखडला. "बाई," तो क्षीणपणे म्हणाला, "फोनवर तुमी कस्टम्स बोलला. मी ऐकलं. एस लावला होता."

"हो, लावला. कस्टम म्हणजे चाल, रीत. अनेक रीती, म्हणून एस!"

"आनी तो दुसरा एस? जकातवाला?"

"तो वेगळा. कस्टम म्हणजे रीत, आणि एस लावून कस्टम्स म्हणजे जकातखातं. दोन वेगळे शब्द आहेत ते."

"पन रीती पुष्कळ झाल्या की तिला पन एस लागतो?"

"लागतो."

"मग कुठला एस कुठला, ते समजायचं कसं?"

"वाक्यावरून."

"फोनवर वाक्य कुठं ऐकू येतं बाई? शब्द ऐकू येतो, तेच नशीब." जरा धीर येऊन श्यामकांतने आणखी एक शंका काढली. "बरं, त्या जकातवाल्याचं एकवचन काय?"

वसुधाबाई अडखळल्या. हा प्रश्न त्यांना परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. "त्याला… एकवचन नाही."

"बरोबर हाय," हरेश्वर म्हणाला. "ते एकटे कधी येतच नाय."

इतका वेळ कृष्णाबाई पाय वाळूत रोवून हे ऐकत होती. इंग्रजीशी तिला देणंघेणं नव्हतं. ती खाटेपाशी गेली, मालनच्या गालावरून बोट फिरवलं आणि ते जिभेवर टेकवलं. "हळद हाय," तिने निकाल दिला. मग ती हरेश्वरकडे वळली. तिचा आवाज खाली आला होता, म्हणजे आता तो शेजारच्या आळीपर्यंतच जात होता. "पोरीसाठी बेड्या घालाया हात पुढं केला तू. असा व्याही मना परत कुठं गावनार? बांध मांडव."

मग काय विचारता! जाळी उडाली, तोरणं चढली, केळीचे खांब विहिरीमागून पळत आले. पोस्टमन मागे जाऊन वाद्यं घेऊन आले आणि टपाल इतक्या जोरात वाटायला लागले की किनाऱ्यावरचे कावळे उठले. सगुणाने भावाला मारायला उचललेला हात हळदीत घातला. वसुधाबाईंना पाटावर बसवून कुणीतरी त्यांच्याही गालाला हळद फासली, आणि चष्म्यावर पिवळी बोटं घेऊन त्या एकामागून एक रीती विचारत सुटल्या.

"आनी व्याही," मालनला हळद लावतालावता कृष्णाबाई गर्दीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मी आज एक गोड बातमी पन आनली होती. भांडनात राहूनच गेली. आमचा अनंता सरकारी नोकरीत लागला. काल आर्डर आली."

"अरे वा!" हरेश्वरचा ऊर भरून आला. "कंच्या खात्यात?"

"कस्टममदी."

बँडमधला पिपाणीवाला एका सुरावर अडकला आणि तिथेच विझला. हरेश्वरने सावकाश मान वळवली. "बाई," तो वसुधाबाईंना म्हणाला, "ही कंची? तुमची, का ती दुसरी?"

वसुधाबाईंनी चष्मा काढून नीट विचार केला. "दुसरी," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी एकदम अंगणाच्या मध्ये पाहिलं. तिथे साड्या होत्या, ट्रान्झिस्टर होता, सेंट होतं, डबा होता. गावाने स्वखुशीने, स्वतःच्या तोंडाने पावती नाही असं सांगून, जावयाच्या सख्ख्या आईसमोर मांडलेला ढीग. वर घड्याळ.

कृष्णाबाईनेही ढिगाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती उठली, पिवळ्या बोटांनी घड्याळ उचललं, कानाशी धरलं आणि पदराच्या टोकात घट्ट गाठ मारून बांधलं.

"पोराला हापिसात वेलेवर जायाला लागेल," ती म्हणाली. "बाकीचं झाका ते. मी हळद लावायला आले, मी काय बघितला नाय." आणि बरोबरच्या बायकांकडे वळून तिने दरडावलं, "काय गो, तुमी काय बघितला?"

"काय नाय!" गोराईच्या बायका एका सुरात म्हणाल्या. सखुबाईने हळदीचं गाणं, म्हणजे धवला, उचलला आणि बँड पुन्हा सुरू झाला.

श्यामकांत हळूच पाटाजवळ सरकला. "बाई, हे आता जे झालं, ते तुमच्या इंग्लिशमधी कशात बसतं?"

वसुधाबाईंनी कृष्णाबाईच्या पदराची गाठ पाहिली, ढिगावर घाईघाईने ओढली जाणारी जाळी पाहिली, आणि मोठ्या समाधानाने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"ही मात्र," त्या म्हणाल्या, "बिनएसची."